खरखरीत की गुळगुळीत

सान लाउरेआनो, ४ मार्च

सुकडे,

हे पत्र मी किती वेळा पुढं ढकललं ते विचारू नकोस. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर उकाडा होता. उकाडा ओसरला तर सुचेना, आणि सुचलं तेव्हा पेन कुणीतरी ढापलेलं होतं. म्हाताऱ्याला माती दिली त्या दुपारी तू दक्षिणेची बस पकडलीस, त्यानंतर आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. फोन तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. पोस्टमननं दार वाजवलं की माणूस निदान कोण आहे बघायला तरी उठतो.

अक्षर वाकडं आलंय ते क्लबातल्या बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून लिहितोय म्हणून. दुसरं काही नाही.

मुद्द्याचं एकच. आपल्या बापाची लाकडी रॅकेट मला पाठवून दे. ती तू नेलीस, तेव्हा मी भांडलो नाही, पण आता पाठव. आणि शिकंज्यात ठेवलीयस ना? चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळून? लाकडी रॅकेट उघडी ठेवली की हवा तिला पिळते, सकाळी बघावं तर पापड झालेला असतो. तुमच्या कोमोदोरोला वारा कोरडा आहे म्हणा. तरीपण.

मी सध्या नदीकाठच्या या गावात आहे. सकाळी संत्र्यांच्या गोदामात पेट्या भरतो, दुपारी सगळं गाव झोपतं तेव्हा क्लबात येतो. दोन कोर्टं आहेत, विटांच्या भुकटीची, एकाला उतार आहे. उताराकडून खेळलं तर मी चांगला खेळाडू वाटतो. कँटीनवाल्या कुकीनं मला मागची खोली दिलीय. त्यात एक खाट, एक पंखा आणि माझ्या रॅकेटी. हो, रॅकेटी. तू हसशील. पिसू म्हणून ज्याची आयुष्यभर टिंगल केलीस, ज्याच्याकडे दोन सदऱ्यांवर तिसरा कधी टिकला नाही, तो आता ओझं घेऊन फिरतो.

सुरुवात गुआलेगुआयच्या बाजारात झाली. एक बाई ॲल्युमिनियमच्या रॅकेटीनं सतरंजी बडवत होती. मी म्हटलं, विकता का? ती म्हणाली, मग सतरंजी काय तुझ्या डोक्यानं झोडू? शेवटी मी तिला झाडू विकत आणून दिला आणि रॅकेट घेतली. चेंडू लागला की ती अशी वाजते, जसं स्वयंपाकघरात पातेलं पडावं. शेजारच्या कोर्टावरचे लोक वळून बघतात. मग पायसांदूला नदीपलीकडे एक मिळाली, तिला दोन मुठी आहेत. खरंच दोन, बेडकासारखे पाय फाकलेले. मग एक वाकड्या दांड्याची. मग एक तव्याएवढ्या तोंडाची, तिच्यानं माशीसुद्धा चुकत नाही. जिथं जातो तिथं अडगळीत हात घालतो. लोक आजोबांच्या रॅकेटीला काय काय करतात, सुकडे! एकानं कोंबड्यांच्या खुराड्याला खिडकी म्हणून ठोकली होती.

आणि मी नुसत्या भिंतीला टांगत नाही. प्रत्येकीनं खेळतो. आठवडाभर एकीनं, मग दुसरीनं. कारण प्रत्येकीत काहीतरी खोट निघते. अजून माझ्या हाताला बसणारी सापडलेली नाही.

म्हाताऱ्याची बसेल असं वाटतं. म्हणून पाठव.

तुझा,
पिसू

ता.क. – हा कागद दोनदा चुरगाळून परत सरळ केलाय. फेब्रुवारीत मी रोसारिओला जाऊन रक्त देऊन आलो. त्या तपासणीसाठी. तू म्हणाली होतीस की करायची तर कर, मला कळवू नकोस. तर हे कळवणं नाही. निकाल अजून यायचाय.


सान लाउरेआनो, १७ मार्च

सुकडे,

तुझं उत्तर नाही. रॅकेट नाही. ठीक आहे, पोस्ट सावकाश चालतं, वाटेत वाळवंट आहे.

इथली खबर अशी की तव्याएवढ्या तोंडाची रॅकेट मी बाद केली. तिची मूठ बारीक होती. चेंडू मारायला जावं तर हातातल्या हातात फिरायची. मी मुठीवर पट्टी गुंडाळली, मग आणखी एक, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आता ती मूठ नसून वरवंटा झालाय. मग कुणीतरी म्हणालं, हलकी रॅकेट थरथरते, वजन वाढव. म्हणून चौकटीच्या कडेला शिशाची पट्टी चिकटवली. दोन दिवस बरं वाटलं. जड वस्तू स्थिर राहते ना. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणखी शिसं. परवा मी जिच्यानं खेळलो तिच्यानं गाढव आडवं झालं असतं.

माझी जोडीदार कोण आहे माहितीय? दोन्या एर्मेलिंदा. बाई सत्तरीला टेकलीय. चाळीस वर्षं स्मशानासमोर फुलांचं दुकान चालवलं, आता दुपारी झोप येत नाही म्हणून टेनिस खेळते. पळत अजिबात नाही. नेटजवळ उभी राहून चेंडू असा कापते की तो पडून उठतच नाही. आणि तोंड अखंड चालू.

“पोरा, आज कुठली आणलीस? कालची का सोडलीस?”

“मूठ बारीक होती, दोन्या.”

“परवाची?”

“तिची जाड होती.”

“माझा पहिला नवरा असाच होता बघ. त्याला एकही बायको बसेना. शेवटी कळलं, बायकांत काही खोट नव्हती.”

आणि स्वतःच्याच विनोदावर हसत बसली. मीही हसलो. रात्री झोप आली नाही, पण ते पंख्याच्या आवाजानं असेल.

खेळ संपला की कुकी माते घेऊन येतो, कडू पाल्याचा तो गरम काढा. सगळे बाकावर बसतात, वाटी फिरते. मी पहिल्याच फेरीला ‘आभारी आहे’ म्हणून वाटी परत करतो, म्हणजे ती पुन्हा माझ्याकडे येत नाही. कुकीला राग येतो. “एक घोट आणि आभारी? माझ्या पाल्यात काय विष आहे का रे?” मी म्हणतो, पोट बरं नाही. वाटी काठोकाठ भरलेली असते ना. गरम पाणी सांडलं की सगळ्यांचं लक्ष जातं.

हां, एक सोय केलीय. मुठीच्या टोकाला बुटाची नाडी बांधून तिचा फास मनगटात अडकवतो. घामानं रॅकेट निसटते, म्हणून.

रॅकेट पाठव. शिकंज्यासकट.

पिसू


सान लाउरेआनो, २९ मार्च

सुकडे,

तुझं उत्तर आलं! कुकीनं कोर्टावर आणून दिलं, मी तिथेच फोडलं. दोनच ओळी. “रॅकेट माझ्याकडे आहे, राहील. पुन्हा लिहू नकोस.” छापलेल्या! सहीसुद्धा नाही. जिच्या अक्षराला शाळेत बक्षीस मिळालं होतं, जी किराण्याच्या चिठ्ठीलासुद्धा वेलबुट्टी काढायची, ती भावाला दोन ओळी मशीनवर छापून पाठवते. एवढा राग? चल, असो. पाकीट तरी तू बंद केलंस, जिभेनं गोंद तरी चाटलास. मी तेवढ्यावर आठवडा काढला.

पुन्हा लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितोय. नाहीतर लिहिलं नसतं, कारण जे झालंय ते कुणालाच सांगायचं नव्हतं.

गुरुवारी दोन्या एर्मेलिंदाशी खेळत होतो. माझा चेंडू तिच्या मागच्या रेषेवर पडला. ती म्हणाली बाहेर. मी म्हणालो आत. आता विटांच्या भुकटीवर भांडणाला जागाच नाही, चेंडू आपली खूण ठेवून जातो. आम्ही दोघं वाकून खूण बघायला गेलो. आत होती. तिनं मान्य केलं. “आत आहे बाबा, घे तुझा गुण.” मग मला चेंडू द्यायला माझ्या बाजूला आली आणि मधेच थबकली.

“हे काय रे? इथून साप गेला का?”

मी खाली बघितलं. माझ्या डाव्या पावलाचे ठसे स्वच्छ होते, एकापुढं एक. उजव्याच्या प्रत्येक ठशामागं एक रेघ होती. बारीक, लांब. जिथं जिथं मी धावलो होतो तिथं तिथं. अख्ख्या अर्ध्या कोर्टावर.

“बूट,” मी म्हटलं. “तळवा सुटलाय.”

तिनं माझ्या बुटांकडं बघितलं. नवे होते.

सुकडे, मी थांबलो नाही. जाळी उचलली, ती लोखंडी दांड्याला लावलेली जड जाळी, आणि कोर्ट झाडायला लागलो. कडेकडेनं, गोल गोल, आत येत येत, गोगलगायीच्या शंखासारखं. सगळं सपाट. इथले लोक मला फार मानतात त्याबद्दल. खेळ संपल्यावर आपापला भाग झाडायचा हा कुठल्याही क्लबचा नियम, पण पोरं चुकवतात. मी कधीच चुकवत नाही. कुकी सगळ्यांना सांगतो, “बघा, फिरस्ता असून शिस्त बघा त्याची!” त्याला काय माहीत की मी काय झाडतोय. मला तरी कुठं माहीत होतं? किंवा होतं. हात आधीच ओळखतो, डोकं मागून येतं.

म्हाताऱ्याचं असंच सुरू झालं होतं ना? आधी रॅकेट हातातून निसटायची. तो म्हणायचा, मूठ बारीक आहे. मग त्यानं नाडी बांधली. आपण दोघं हसलो होतो, आठवतं? “पापा, कुत्र्याला साखळी बांधली का?” मग पाय ओढायला लागला. मग चमचा. मग बोलणं. शेवटच्या वर्षी तू दक्षिणेत नोकरीला होतीस, दर महिन्याला यायचीस, आणि प्रत्येक वेळी दारातच थांबून आधी त्याच्या हातांकडे बघायचीस. मी ते पाहिलंय. मग स्वतःच्या हातांकडे. तेही पाहिलंय.

आणि ती दुपार. डॉक्टरनं सांगितलं होतं की हे दुखणं रक्तातून उतरतं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. म्हाताऱ्यानं आपल्याला कोर्टावर नेलं. त्याला भाषण कधी जमलं नाही. त्यानं नेहमीसारखी लाकडी रॅकेट मूठ वर करून तिच्या डोक्यावर उभी केली, सर्व्हिस कुणाची ठरवायची असते तशी. रॅकेटीच्या गळ्यापाशी लाल दोरा गुंफलेला, एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत; पडल्यावर वर येईल ती बाजू जिंकली. तुझं नेहमी गुळगुळीत, माझं नेहमी खरखरीत. त्यानं गिरकी दिली आणि म्हणाला, “हे असंच आहे, पोरांनो. पडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. तुझी गिरकी वेगळी, त्याची वेगळी.” ती फिरत होती. आणि तू झेप घेऊन ती मधेच पकडलीस. पडूच दिली नाहीस. ती छातीशी धरून पळालीस, आणि नंतर नेलीस ती पण तशीच.

मला ती संग्रहासाठी नको होती, सुकडे. मला वाटायचं, ती तुझ्याकडे आहे तोवर ती हवेतच फिरतेय. भीती वाटते त्या फिरण्याची. माझ्या खोलीत एवढ्या रॅकेटी भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि रात्री त्यातली एखादी घसरते तेव्हा मी उठून दिवा लावतो आणि ती कुठल्या बाजूला पडली ते बघतो.

पिसू


सान लाउरेआनो, ९ एप्रिल

सुकडे,

उन्हाळा संपला, थंडी पडायला लागलीय. संत्री पिकली. गोदामात माझ्या हातून पेटी पडली. मुकादम म्हणाला, रात्री जास्त झाली का रे? मी म्हटलं, हो. दारुड्या म्हणवून घेणं किती सोपं असतं बघ.

मी दोन्या एर्मेलिंदाशी खेळायचं टाळत होतो. म्हटलं, खांदा दुखतो. तर ती बाई खोलीशी आली. दार वाजवलं नाही, सरळ आत. रॅकेटींकडे बघत राहिली, दुकानात आल्यासारखी.

“कुठली सगळ्यात हलकी?”

मी दाखवली.

“ती घे. आणि चल. मला कोर्ट मिळालंय, आणि जोडीदार नसला की तो कुकी स्वतः खेळायला येतो. त्याच्या घामाचा वास मला मानवत नाही.”

गेलो. खेळलो. ती एकही चेंडू कापत नव्हती, सगळे सरळ माझ्या हातात देत होती, लहान मुलाला देतात तसे. मला इतका राग आला की मी एक चेंडू कुंपणाबाहेर फेकला. मग खेळ संपला आणि मी जाळीकडे धावलो, तर जाळी तिच्या हातात होती. ती माझा भाग झाडत होती. स्वतःचा सोडून, आधी माझा. बाकावर पाच-सहा जण माते पीत बसले होते. त्यांच्याकडे पाठ करून, मधे उभी राहून, ती माझ्या रेघा पुसत होती.

सुकडे, मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिनं काही विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. ते मला जमतं. पण कुणी न विचारता आपलं झाकायला लागलं की समजावं, आता झाकण्यासारखं आहे.

नंतर बाकावर ती माझ्या शेजारी बसली. मातेची वाटी माझ्यापर्यंत आली तेव्हा तिनं ती मधेच घेतली, अर्धी पिऊन मला दिली. अर्धी वाटी सांडत नाही.

“घरी कुणाला होतं?” तिनं विचारलं. हळू.

“बापाला.”

“आणि तुझं माहीत आहे?”

“चोवीस तारखेला कळेल. रोसारिओला.”

“मी येते.”

“नको.”

“का? मेलेल्यांची गिऱ्हाइकी केलीय मी चाळीस वर्षं, रडणाऱ्याला काय बोलू नये एवढं मला चांगलं कळतं.”

“बहीण आहे मला,” मी म्हटलं.

तर आता सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा रॅकेटींवर घसरेन. (एक नवीन मिळालीय, चौकोनी तोंडाची. ते नंतर.) इस्पितळात निकाल कागदावर देत नाहीत, समोर बसवून सांगतात. आणि एकट्याला सांगत नाहीत. बरोबर कुणीतरी आपलं लागतं, तसा त्यांचा नियम आहे. त्या डॉक्टरणीनं विचारलं, कोण येईल? मी तुझं नाव दिलं. तुला न विचारता.

तुला आत यायला लागणार नाही. तुझं रक्त कुणी मागणार नाही. तुझी गिरकी वेगळी, माझी वेगळी, म्हाताऱ्यानं सांगितलंच होतं. निकालानं मला पकडलं तरी त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही आणि सोडलं तरी नाही. तू बाहेर बाकावर बस. मासिक वाच. मी बाहेर येईन तेव्हा तू तिथे असलीस की झालं. माझ्याकडं बघूही नकोस, हवं तर.

तेवीसला संध्याकाळी इथून बस निघते. तू थेट रोसारिओला ये. नाही आलीस तर मी जाणार नाही. धमकी देत नाहीये. खरंच पाय उचलणार नाही, एक तर ओढतोच आहे.

पिसू


सान लाउरेआनो, २३ एप्रिल

सुकडे,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तरी निकालाच्या आधी पोचायचं नाही. पण बस संध्याकाळी आहे, दुपार काही सरत नाही, गाव झोपलंय, आणि मला हाताला काम हवंय. अक्षर कसं आलंय बघ. आज बाकाला दोष देत नाही.

तुझं काही आलं नाही. रोज कुकीला विचारत होतो. काल तो न विचारताच मान हलवून गेला.

सकाळी सगळ्या रॅकेटींची गटिंग बोटांनी वाजवून बघितली. दोन मुठींची दोन्या एर्मेलिंदाला द्यायची ठरवली, ती म्हणते त्यावर ती कणसं भाजेल. वेडी बाई. कालपासून माझ्याशी खेळताना पुन्हा कापायला लागलीय. मी विचारलं, दया संपली का? म्हणाली, “दया माझ्याकडे नव्हतीच, खांदा आखडला होता.” तिला सांगितलं, बहीण येणार नाही बहुतेक. ती म्हणाली, मग मी माझा चांगला झगा इस्त्री करून ठेवते. मी म्हटलं, काही उपयोग नाही, मी जाणारच नाही.

आणि हे खरं आहे. पिशवी भरलेली आहे, पण त्या बसमध्ये मी चढणार नाही. दुसऱ्या कुठल्यातरी बसमध्ये चढेन. चाको, साल्ता, कुठंही. नवीन गाव, नवीन क्लब, जिथं माझ्या पावलांकडे अजून कुणी बघितलेलं नाही. वर्ष-दोन वर्षं निघतील. जाळी मात्र सगळीकडे असते, तेवढं बरं.

म्हणून निघायच्या आधी कोर्ट झाडलं. उताराचं. कुणी खेळलंही नव्हतं, उगाच. पाणी मारलं, जाळी फिरवली, रेषा झाडूनं पुसल्या. असं गुळगुळीत झालंय की वाटावं, आत्ताच भट्टीतून काढलंय. त्याच्यासमोर बसून लिहितोय.

फाटक वाजलं.

कोणीतरी आत आलंय. बाई आहे. ऊन डोळ्यांवर येतंय, तोंड दिसत नाही. क्लबातली नाही, क्लबातलं कुणी असं करणार नाही. बघ बघ, सरळ कोर्टावरून येतेय! झाडलेल्या कोर्टावरून! कडेनं वाट आहे की, चांगली सिमेंटची, पण नाही, बाईसाहेब मधोमध. कुणाच्या घरात चपला घालून जावं तसं. ओरडणार होतो. ओ बाई, डोळे फुटले का, म्हणून.

ओरडलो नाही. तिच्या मागं बघितलं.

एक ठसा स्वच्छ आहे. दुसऱ्यामागं रेघ आहे.

चाकाची बॅग असेल. लोक हल्ली बॅगा ओढतच येतात, त्या चाकाची रेघ उमटते, बारीक, लांब. असेल.

बॅग खांद्याला आहे.

दुसऱ्या हातात काहीतरी चौकोनी आहे, चार कोपऱ्यांना स्क्रू असलेलं.

सुकडे, म्हणून छापून पाठवलंस का ते उत्तर? म्हणून सही नव्हती? मी मूर्खासारखा राग समजून बसलो, आठवडाभर त्या गोंदावर समाधान मानत. तू एवढ्या लांबून, दीड दिवस बसमध्ये, हा पाय घेऊन, आणि मी चाकोची बस शोधत होतो.

आता नेटपाशी थांबलीय. माझ्याकडं बघत नाही, खाली बघतेय. एक एक स्क्रू सोडवतेय. हात नीट चालत नाहीये तिचा, तिसऱ्या स्क्रूला वेळ लागतोय. मी उठून मदत करायला हवी, पण मी लिहितोय, कारण लिहायचं थांबलो की उठावं लागेल.

निघाली. म्हाताऱ्याची आहे. पिळलेली नाही, सरळ आहे. लाल दोरा इथून दिसतोय. तिनं ती डोक्यावर उभी केली, भुकटीत. दोन्ही हातांनी धरलीय. आता वर बघितलं.

“काय रे पिसू, लिहीत काय बसलायस? खरखरीत की गुळगुळीत?”

कोण आलंय सांगू तुला? तू आलीयस. जातो आता. आज कोर्ट मी झाडणार नाही, माझं नाही आणि तुझंही नाही.